गर्भाचं रक्त वाढत आहे

“सर्वांच्या आशीर्वादाने मुलीच्या शरीरात गर्भाचे रक्त वाढत आहे.” माझ्या नवऱ्यानं हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली जोडलेल्या हातांची चित्रं लावली. मी तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या कोठारात उभी राहून आलेली तूरडाळ तपासून घेत होते. मोबाईल वाजतच राहिला म्हणून काढून पाहिला. पहिलं उत्तर धरणगावच्या एका वयस्कर चुलत सासऱ्यांचं होतं: “अभिनंदन. जावईबापू कोण?”

मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्न झालेलं नव्हतं. जळगावातच एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला जैवतंत्रज्ञान शिकत होती.

नवऱ्याचा अर्थ काही चुकला नव्हता. रिपोर्टवर ‘फीटल हिमोग्लोबिन’ असं छापलेलं असतं, आणि फीटल म्हणजे गर्भाचं. ग्रुपवरची निम्मी माणसं इंग्रजी न वाचणारी. याच माणसांनी वर्षानुवर्षं तिच्यासाठी रक्तपेढीत जाऊन हात पुढे केलेला. तेव्हा चांगली बातमी त्यांना मराठीतून कळावी, एवढाच त्याचा विचार. तो मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. तांब्याच्या तारेचा एक वेढा कमी पडला तर त्याच्या बोटांना कळतं. शब्दांचं तसं नाही.

बातमी खरोखर चांगली होती, म्हणूनच जास्त जिव्हारी लागलं.

मुलीला जन्मापासून थॅलेसेमिया. अगदी दर महिन्याला रक्त लागावं असा नाही, मधल्या प्रकारातला. मी धुळ्याची, नवरा जळगावचा. दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष होता आणि दोघांनाही लग्नाआधी त्याचा पत्ता नव्हता. लहानपणी वर्षातून एकदोन पिशव्यांवर भागायचं. मग वय वाढलं, गरज वाढली, आणि इतक्या लोकांचं रक्त घेता घेता तिच्या अंगात त्या रक्ताविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच आपल्याला माहीत असतं. तांबड्या पेशीवर त्याशिवाय कितीतरी बारीक खुणा असतात. तिच्या अंगाला त्यातल्या काही खुणा खपेनाशा झाल्या. रक्तपेढीत एकेक पिशवी तिच्या रक्ताशी जुळवून बघायची आणि एकेक पिशवी बाजूला ठेवायची, असं सुरू झालं. नमुने बाहेरगावी पाठवले. ओळखीपाळखीतल्या जेवढ्या माणसांचं रक्त तपासता आलं तेवढं तपासलं. त्यातून दोन माणसं मिळाली. एक धुळ्याचा एसटी ड्रायव्हर, माझ्या माहेरच्या गल्लीत राहणारा. दुसरे फैजपूरचे नाना, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. नात्यातले असून रक्ताच्या नात्यातले नाहीत, हे डॉक्टरांना अधिक बरं वाटलं. एकानं दिलं की त्याला तीन महिने देता येत नाही, म्हणून दोघांची आळीपाळी मी ठरवून दिली होती. हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, बदलण्याचं ऑपरेशन आमच्यासाठी नव्हतं. भावंड नाही आणि बाहेर कुणाचा मगज जुळला नाही.

त्या वर्षी डॉक्टरांनी एक कॅप्सूल सुरू केली. ती लागू पडली तर गर्भात असताना जे हिमोग्लोबिन बनतं ते पुन्हा बनायला लागतं आणि बाहेरच्या रक्ताची गरज कमी होते. पहिल्या काही महिन्यांच्या तपासणीत ते वाढलेलं दिसलं. एकूण हिमोग्लोबिन मात्र अजून वर आलेलं नव्हतं, आणि मध्येच ताप येऊन गेल्यामुळे ते जे घसरलं ते पाचाच्या आसपास येऊन थांबलं. ड्रायव्हरला कावीळ झाली होती. तो यादीतून कायमचा गेला. उरले नाना.

म्हणजे मेसेज गेला त्या दिवशी परिस्थिती अशी होती: कॅप्सूलला वेळ हवा होता, तो वेळ रक्ताच्या एका पिशवीनं मिळणार होता, आणि ती पिशवी जगात एकाच माणसाच्या हातात होती.

जावईबापूंची चौकशी आली तशी नवऱ्याची धांदल उडाली. त्यानं मेसेज पुसला. तोवर निम्म्या खानदेशानं वाचला होता. पुसलेल्या मेसेजची रिकामी जागा दिसते ती वेगळीच. काय पुसलं म्हणून न वाचलेल्यांनी वाचलेल्यांना विचारलं. मग मला न विचारता त्यानं खुलासा टाकला: “आमची मुलगी गरोदर नाही. कृपया गैरसमज नसावा.”

“हे का लिहिलंस?” मी फोनवर विचारलं.

“मग काय लिहायचं? खरं तेच लिहिलं ना.”

“ज्यांच्या मनातही आलं नव्हतं, त्यांच्याही मनात घातलंस.”

मागून दुकानातल्या ग्राइंडरचा आवाज येत होता. मग म्हणाला, “आता हेही पुसू का?”

संध्याकाळी धुळ्याहून माझ्या आईचा फोन आला. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, पण बातमीला त्याची गरज नव्हती. “काय वं माय, हाई काय शे? बठ्ठा लोक सांगी ऱ्हायनात.” मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पोर कशी शे?” त्या दिवसभरात हे विचारणारी ती एकटी.

पोर स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. जिना चढून आली की तिला असं टेकावं लागायचं. ओठ पांढरे, नखं पांढरी, आणि तरी हसत होती. “आई, बाबांनी माझ्यावर शोधनिबंध लिहायला हवा. एका वाक्यात अख्खं शास्त्र चुकवून दाखवलं.”

तिनं हे सगळं मला आधी समजावून सांगितलेलं होतं, कॅप्सूल सुरू झाली तेव्हा. मी तिला म्हणाले होते, गोळी कशासाठी, ती काय करते, काय बघायचं, कधी थांबायचं, हे मला कळलं पाहिजे. मी आंधळेपणानं डबीवर वार लिहिणार नाही. तिनं मला मगजातल्या मूळ पेशींपासून सुरुवात करून दिली. एकाच मूळ पेशीतून तांबड्या पेशी होतात, पांढऱ्या होतात, रक्त गोठवणाऱ्या होतात. जनुकं सगळ्यांत तीच. फरक पडतो तो कुठल्या जनुकाचं म्हणणं ऐकलं जातं आणि कुठल्याचं दाबलं जातं यानं. जनुक स्वतः काही बनवत नाही. ते निरोप लिहून पाठवतं, आणि तो निरोप वाचून प्रथिन बनतं. या दोन्हींच्या मध्ये मायक्रो आरएनए नावाचे इवलेसे तुकडे असतात, विसेक अक्षरांचे. त्यांच्यातून काहीच बनत नाही. ते फक्त जुळणाऱ्या निरोपावर जाऊन बसतात. मग तो निरोप वाचला जात नाही, किंवा लवकर फाटून जातो.

“म्हणजे आमच्या अधीक्षिका,” मी म्हणाले होते. “मी मागणीपत्र लिहिते, त्या त्यावर कोपर ठेवून बसतात. मागणी रद्द होत नाही, पण साखरही येत नाही.”

“अगदी तशाच! आणि एकच अधीक्षिका शंभर मागणीपत्रांवर बसते. पूर्ण बंद क्वचितच करते, दाब कमीजास्त करते. पेशी लहानाची मोठी होताना कुठल्या कोपराखाली काय दाबलं जातं, यावर ती तांबडी होणार की पांढरी हे बरंचसं ठरतं.”

जन्मानंतर गर्भाच्या हिमोग्लोबिनचं जनुक बंद पडतं, त्यातही हे तुकडे आहेत असं तिनं सांगितलं. त्यांचा एक गट गर्भात असताना दबलेला असतो आणि जन्मानंतर वाढतो. तसं गर्भाच्या हिमोग्लोबिनचं काम थांबत जातं. आणि याच्या उलटही असतं. दुसरे काही तुकडे असे, की ते वाढले तर बंद करणाऱ्याचाच निरोप दाबला जातो आणि जुनं हिमोग्लोबिन परत डोकं वर काढतं. तिची कॅप्सूल नेमकी कुठे बोट ठेवते हे अजून पूर्ण कुणाला कळलेलं नाही. ती घेणाऱ्यांमध्ये या तुकड्यांचं प्रमाण बदललेलं काहींनी पाहिलंय, एवढंच. मला हे अर्धवट उत्तर आवडलं नव्हतं. पण खोटं पूर्ण उत्तर देणाऱ्यांपेक्षा बरं, म्हणून मी ते मान्य केलं.

आता मी नानांना फोन लावत होते. वाजत होता, उचलला जात नव्हता. दुसऱ्या दिवशी वाजलासुद्धा नाही.

मग नणंदेचा फोन आला. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. हळू आवाजात बोलत होती, पाठीमागे कोणी असावं असं.

“वहिनी, माह्याशी तरी खरं बोल. पोट पाडायले रक्त लागते का?”

“अक्का, तिच्या पहिल्या वाढदिवसाआधीपासून तिला रक्त लागतंय. तुमच्या मांडीवर झोपून तिनं सलाइन घेतलंय.”

“मले माहीत आहे वं. मले नको सांगू. पन आमच्या पोराची सोयरीक पाचोऱ्याले जमेल आहे. तिकडून फोन आला, तुमच्या भावाच्या घरी काय चाललंय म्हने. आता यायनी जाऊन रक्त देलं, तं लोक म्हनतीन, निस्तरायले नाना गेला.”

आधी फक्त अफवा होती. आता रक्त मागणं हाच त्या अफवेचा पुरावा झाला होता. मी जितक्या वेळा मागेन तितकी ती पक्की होणार होती.

मी हातपाय हलवत राहिले, कारण दुसरं काही येत नाही. पाचोऱ्यात कॉलेजचं रक्तदान शिबिर होतं, तिथून जुळण्यासारखं काही मिळतं का म्हणून विचारलं. भुसावळच्या दोन ओळखीच्यांचे नमुने आणले. वसतिगृहातल्या तीन मुली आपण होऊन आल्या. रक्तपेढीतल्या बाई प्रत्येक नमुना लावून बघायच्या आणि प्रत्येक वेळी काच माझ्याकडे वळवून दाखवायच्या. चांगलं रक्त दह्यासारखं फाटलेलं. मला तसं दाखवायची गरज नव्हती, पण मी दर वेळी वाकून बघत होते.

एका क्षणी माझ्या हातात मुलीची फाइल होती. कॅप्सूल सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी नियम म्हणून गर्भधारणेची तपासणी करून घेतली होती, कारण पोटात मूल असताना ती घेता येत नाही. नकारार्थी असा शिक्का मारलेला कागद. मी त्याचा फोटो काढला. ग्रुप उघडला.

“काय करतेयस?” मुलगी अंथरुणावरून म्हणाली.

“एकदाचं संपवते.”

“माझ्या पोटात काही नाही याचा पुरावा तू सगळ्या काकांना पाठवणार?” ती उठून बसायला गेली आणि तिला धाप लागली. “उद्या ते म्हणतील, ही तारीख जुनी आहे, नवी दाखवा. मग?”

तारीख जुनी होतीच. मी फोन पालथा ठेवला.

“मला नानांकडे ने,” ती म्हणाली. “तू सांगितलंस तर ते म्हणतील, आई झाकतेय. बाबांनी सांगितलं तर काय होतं ते बघितलंच.”

डॉक्टर तिला प्रवास करू नको म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. ओळखीच्या माणसाची गाडी घेतली. बरोबर काय घ्यायचं ते मी नेहमीसारखं ठरवलं: पाणी, लिंबू-साखर, एक उशी, पूर्ण फाइल, कॅप्सूलचा डबा, उलटी आली तर पिशवी, आणि भुसावळच्या दवाखान्याचा नंबर गाडीवाल्याच्या मोबाईलमध्ये. नवरा येतो म्हणाला. मी त्याला नको म्हणाले. तो दारात उभा राहून मुलीला म्हणाला, “नानांना सांग, मी येऊन पाया पडतो.” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त टाइप करू नका.”

फैजपूरला पोचलो तेव्हा अक्का अंगणात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. आम्हाला बघून तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मुलीचा चेहरा तिनं पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. फोनवर काय काय बोलली होती ते सगळं तिच्या डोळ्यांत आलं. “नाना बागात आहे,” एवढंच म्हणाली, आणि गाडीला रस्ता दाखवायला पुढे सीटवर येऊन बसली.

नाना केळीच्या ओळीतून विळा घेऊन बाहेर आले. आम्हाला टाळायला आले होते आणि आम्ही तिथंच पोचलो होतो, त्यामुळे ते चिडलेले दिसत होते. मला त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मुलीला म्हणाले, “उभी कामून आहे? बस बांधावर.”

ती बसली. मी उशी दिली ती तिनं पाठीशी घेतली. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. नाना दुसरीकडे बघत विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होते.

“नाना, काय कापत होतात?”

“पिलं.”

“का कापतात?”

“तुले माहीत नाही? केयीच्या गावाले येऊन इचारते?” पण ते बोलले. “आजूबाजूले पिलं फुटतात. तसीच ठिवली तं बूड वाटून जाते, घड पोसत नाही.”

“कापल्यावर कंद मरतो?”

“कसा मरंल? दोन आठवड्यात पुन्हा फुटते. पुन्हा कापा लागते.”

“मग माझं ऐका. सगळ्यांच्या अंगात रक्त बनवणारे दोन कंद असतात. एक आईच्या पोटात असतानाचा. दुसरा जन्मानंतरचा. जन्म झाला की पहिल्याची पिलं कापायला सुरुवात होते, कारण आता दुसरा वाढायचा असतो. पहिला कंद मरत नाही, जमिनीत तसाच असतो. तुमचा दुसरा कंद चांगला निघाला. माझा किडका निघाला, आईकडूनही आणि बाबांकडूनही. म्हणून डॉक्टर म्हणतात, हिच्या पहिल्या कंदाची पिलं कापणं थांबवून बघू. त्या पहिल्या कंदाच्या रक्ताला गर्भाचं रक्त म्हणतात. बाबांनी तेवढंच लिहिलं.”

नाना आता तिच्याकडे बघत होते. “कापते कोन पन?”

“बारीक तुकडे असतात. जमिनीतून निरोप वर आला की त्याला छाटतात.”

“आन् ती कॅप्सूल?”

“कापणाऱ्यांना दुसऱ्या ओळीत पाठवते. निदान तसं वाटतंय.”

“म्हंजे थांब.” नानांनी विळा खाली ठेवला. “हा पहिला कंद माह्याबी आंगात आहे?”

“आहे. नावाला थोडंसं रक्त अजूनही त्याचं बनत असेल.”

“माह्या आंगात गर्भाचं रक्त.”

“हो.”

नानांनी अक्काकडे पाहिलं. “पाचोऱ्याले फोन लाव. सांग, तुमचा व्याहीबी गरोदर आहे.”

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मुलगीही हसली, आणि हसण्यानं तिला पुन्हा धाप लागली, तेव्हा नाना तिच्या शेजारी बांधावर बसले. केळीच्या बुडाकडे बोट दाखवून म्हणाले, “आमी याले पिलबाग म्हनतो. जुन्या बुडाचं एक पिल राखाचं आन् त्यावरच दुसरं पीक घ्याचं. सस्त्यात होते.”

“तेच. माझी पिलबाग धरताहेत.”

मग तिनं विचारलं, आणि ते तिनं का विचारलं हे मला अजून कळत नाही, “नाना, राखलेलं पिल नेहमी धरतं का?”

नाना खोटं बोलत नाहीत. त्यांनी मातीत बघितलं. “धरते बहुतेक. काही बूड आतून सडेल असते. वरून कळत नाही.”

ती मान हलवून म्हणाली, “हो, तसंच.”

नाना त्याच गाडीतून आमच्याबरोबर जळगावला आले. अक्काला दारात सोडलं, तिनं वाळलेल्या बिबड्यांची पिशवी आत दिली, पण नाना कपडे बदलायलासुद्धा उतरले नाहीत. रस्त्यात त्यांनी मोबाईल चालू केला, तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर मोठ्यानं बोलून पाठवलं: “मी नाना बोलतो. गर्भ-बिर्भ काही नाही. केयीचं पिल आहे पिल. ज्याले समजत नसंल त्यानं माह्या बागात यावं, मी कापून दाखवतो.” काय कापून दाखवणार ते सांगितलं नाही. त्यानंतर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. पाचोऱ्याच्या लोकांनी काय ठरवलं हेही त्या दिवशी कळलं नाही. नानांनी विचारलंच नाही.

रक्तपेढीत त्यांचं वजन झालं, बोटाला टोचलं, प्रश्न विचारले. नमुना मुलीच्या रक्ताशी लावला. बाई काच घेऊन आल्या आणि मी वाकले. रक्त एकसारखं, फाटलं नव्हतं.

वॉर्डात मुलीला पिशवी सुरू झाली. अगदी हळू, थेंब मोजत. नर्स थोड्या थोड्या वेळानं ताप बघून जात होती. नाना शेजारच्या स्टुलावर बसून कॉफीच्या कपात बिस्कीट बुडवत होते. त्यांच्या कोपरावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी होती. मुलीच्या ओठांना हळूहळू रंग येईल म्हणून मी बघत होते.

तेवढ्यात डॉक्टर तिच्या नमुन्याचे बाकीचे रिपोर्ट घेऊन आले. मला बाहेर बोलावलं. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या आहेत, ते म्हणाले. कॅप्सूल फक्त जुन्या कंदाची पिलं राखत नाही. मगजातलं बाकीचंही छाटते. त्यांनी अर्थात हे शब्द वापरले नाहीत, पण मला आता दुसऱ्या शब्दांत ऐकूच येत नव्हतं. कॅप्सूल थांबवायची. पेशी वर आल्या तर पुन्हा कमी मात्रेत बघू. तोपर्यंत जे वाढलं होतं ते खाली जाणार का, असं मी विचारलं. “जाऊ शकतं,” ते म्हणाले. “आणि पुन्हा सुरू केली तर परत तितकं येईल का?” त्यांनी खांदे उडवले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाले, “सांगता येत नाही.”

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले आणि सवयीनं मांडायला लागले. नाना आता तीन महिने देऊ शकत नाहीत. ड्रायव्हर गेला. कॅप्सूल थांबली. ताप आला तर तिचं हिमोग्लोबिन अजून उतरू शकतं. ही पिशवी काही आठवडे पुरेल. त्यानंतर कोण, या प्रश्नापाशी मी आले आणि थांबले. पुढची ओळ नव्हती. मी वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवते, दोनशे मुलींचं जेवण कधी चुकवलं नाही, वीज गेली तर काय, पाणी गेलं तर काय, आचारी पळाला तर काय, सगळ्याला माझ्याकडे दुसरा आणि तिसरा मार्ग असतो. इथे दुसरा मार्ग नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तिथेच आले.

आत गेले. नाना स्टुलावरच डुलक्या घेत होते. अक्कानं दिलेल्या बिबड्यांची पिशवी त्यांच्या पायाशी होती. मुलीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. डॉक्टर माझ्याशी काय बोलले असतील हे तिला माझ्याआधी माहीत असावं.

“थांबवली?”

“काही दिवस.”

ती थेंबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, पुढच्या वेळी कोण?”

“बघते,” मी म्हणाले.

आमच्या घरात या शब्दाचा एक ठरलेला अर्थ आहे. मी बघते म्हणाले की काम झालेलं असतं. फोन लागलेला असतो, माणूस निघालेला असतो, फक्त सांगायचं बाकी असतं. लहानपणापासून ती हा शब्द ऐकून झोपी गेली आहे. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं माझा हात आपल्या हातात घेऊन दाबला, जसा मी तिचा दाबते, सुई टोचताना.